खेकड्याच्या पोटातला तारा

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८
बीपी १४८/९२.
डॉक्टर म्हणाले, रोज बीपी मोजा, वहीत लिहा, शेजारी कारण लिहा. वही मुलाने आणून दिली. साईनाथ मच्छेला कारखान्यात आहे, तिथं अशा वह्या मिळतात. दोनशे पानी. नुसत्या आकड्यांनी संपायची नाही, म्हणून चार ओळी जास्त लिहीन म्हणतो. कोणाला दाखवायची नाही.
आजचं कारण: लोणचं, दोन फोडी.
संकल्प: लोणचं बंद. चिडचिड बंद. रोज संध्याकाळी येळ्ळूर रस्त्याने दोन किलोमीटर.

७ जानेवारी
१४६/९०. कारण: येळ्ळूर रस्त्यावरची कुत्री.
चालणं उद्यापासून.

९ जानेवारी, गुरुवार
१५२/९४. कारण: खाली लिहिलं आहे.
नात स्वरूपा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फिजिक्स. पुण्याला २८ फेब्रुवारीला मोठी परिषद आहे, तिथं तिचं पोस्टर लागणार. देशभरातली पोरं येणार, बेळगावातून ही एकटी. विषय, फुटलेला तारा. मोठा तारा म्हातारा होतो, आतलं जळण संपतं, मग तो फुटतो. चिंध्या आकाशभर पसरतात आणि मधे एक गच्च गोळा उरतो. मी विचारलं, म्हातारा झाला की फुटतोच का? म्हणाली, सगळेच न्हाय आज्जा, लई जड असत्यात तेच. माझं वजन एकोणपन्नास किलो. बरं वाटलं.
मग मोबाईलवर फोटो दाखवला. आकाशात सोडलेल्या दुर्बिणीने काढलेला. लाल, हिरवे, निळे धागे एकमेकांत गुंतलेले. कसं वाटतंय म्हणाली. मी स्पष्ट बोलणारा माणूस. म्हटलं, गुंता झालेलं सूत आहे, आमच्या वेळी असा माल नेला तर मालक तोंडावर फेकायचा. ती मोबाईल बंद करून आत गेली.
आजकालच्या पोरांना खरं सोसत नाही.

१२ जानेवारी, रविवार
१६०/९६. कारण: शहापूर.
स्वरूपाने तोच फोटो शहापूरला नेऊन बसवंतला दाखवला. बसवंत म्हणजे माझे व्याही, सून रूपालीचे वडील. आम्ही दोघेही विणकर. आमचं घर वडगावात, त्यांचं शहापुरात, चालत पंधरा मिनिटं. एवढ्या जवळ सोयरीक करू नये हे मी तेव्हाच म्हणालो होतो.
बसवंतने फोटो डोळ्याला लावून बघितला आणि म्हणाला म्हणे, आगं, ह्याचा तर पदर हुतोय की!
झालं. आता तो तिला त्या फोटोच्या पदराची साडी विणून देणार. ती नेसून पोरगी पुण्यात पोस्टरशेजारी उभी राहणार. रूपालीने जेवताना चार वेळा सांगितलं, आमच्या आप्पांच्या डोक्यात लगीच आलं बघा मामा. लगीच.
फोटो आधी मला दाखवला होता, हे कोणीच बोललं नाही.
मला हेवा वाटत नाही. काळजी वाटते. बसवंतला दिवाळीपासून मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. ह्या डोळ्यांनी तो डिझाइन काढणार. पोरीच्या पदराचं काय होणार, ह्या विचाराने जेवण गेलं नाही. भाकरी अडीचच खाल्ली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
बीपी मोजला नाही. सणाला मोजू नये.
तिळगूळ द्यायला शहापूरला गेलतो. बसवंतचे अजून सगळे दात शाबूत आहेत. तिळाची वडी कडकडा फोडून खाल्ली, माझ्याकडे बघत बघत. मी चहात बुडवून खाल्ली, ती चव वेगळी.
त्या फुटलेल्या ताऱ्याला खेकडा म्हणतात असं तिथं कळलं. इंग्रजीत सुद्धा खेकडाच. मी एवढंच म्हणालो की नातीच्या पदरावर खेकडा हे शोभेल का, मोर असतो, आंबा असतो, रुईफूल असतं. बसवंत हसला. म्हणाला, पावणं, मोर तुमीच काढून ठिवलाय की, आता आमाला खेकडाच ऱ्हायला.
माझी १९८८ची मोराची साडी अजून लोकांच्या लक्षात आहे. त्याच्या बोलण्यात तेच होतं. मोर सगळा माझा. आमच्या हिने, जयाबाईने, कागदावर फक्त चौकोन भरले, ते काम बसल्या बसल्या होतं.

१७ जानेवारी
१५०/९२. कारण: अभ्यास.
स्वरूपाकडून सगळी माहिती घेतली. मी सातवी शिकलेला आहे, समजायला वेळ लागत नाही. इसवी सन १०५४ साली चीनमधल्या लोकांना तो तारा भर दिवसा दिसला. पण उजेड इथं यायला साडेसहा हजार वर्षं लागली. म्हणजे तो फुटला साडेसात हजार वर्षांपूर्वी. एवढा शिळा माल बसवंत नवीन डिझाइन म्हणून खपवतो आहे.
महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तो ढग म्हणजे नुसत्या चिंध्या. खरी वस्तू मधे आहे. न्यूट्रॉन तारा. बेळगाव ते खानापूर एवढीसुद्धा रुंदी नाही, पण चमचाभर काढला तर डोंगराएवढं वजन. आणि एका सेकंदात तीस वेळा गरकन फिरतो. पावरलूम मिनिटाला दीडशे फेऱ्या मारतो, आणि आपण म्हणतो जोरात चाललाय.
बसवंत चिंध्या विणतो आहे. मालकाकडे त्याचं लक्षच गेलेलं नाही.
ठरवलं. मी न्यूट्रॉन तारा विणणार. माझी साडी २८ तारखेच्या आत तयार. पोरगी दोन्ही साड्या समोर ठेवून बघेल आणि काय नेसायचं ते तिचं ती ठरवेल. माझा आग्रह नाही.

१८ जानेवारी. संध्याकाळी ७.४०
विणायची वस्तू आधी डोळ्यांनी बघावी, ही माझी पद्धत. गच्चीवर गेलो. दुर्बीण नाही, म्हणून धाग्याची रिकामी कांडी डोळ्याला लावली. स्वरूपाने सांगितलं होतं, वृषभ राशीतल्या बैलाच्या शिंगाजवळ बघ. दिसला. पांढराशुभ्र, अगदी स्पष्ट. साध्या डोळ्याला दिसत नाही म्हणतात, पण विणकराचा डोळा साधा नसतो.
७.५५. तारा सरकला. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान होतं.
मान आखडली. बीपी १५८/९४.

२१ जानेवारी
१४९/९०. कारण: जया.
रोज दुपारी दोन वाजता ही भजनाला जाते आणि पाचला येते. भजन शहापूरला. वडगावातली भजनं संपली का? आज आली तर बोटं लाल. विचारलं तर म्हणाली, बीट चिरलंय. संध्याकाळी ताटात बीट नव्हतं. विचारलं तर म्हणाली, देवाला.
म्हातारपणी बायका विसराळू होतात. माझी भिंगाची काचही तिनेच कुठं तरी ठेवली आहे, सापडत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
१५४/९४. कारण: गणित.
स्वरूपाला माझा बेत सांगितला. ती म्हणाली, आज्जा, त्यो फोटुत नुसता ठिपका असतोय. मी म्हटलं, ठिपका तर ठिपका, पण अचूक मापाचा. तिला नीट समजावून दिलं की साडीवर नक्षी यायची तर आधी चौकोनांच्या कागदावर, ग्राफवर, चित्र उतरवतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. ग्राफ बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात, आणि भोकं सांगतील तेवढेच धागे वर उचलले जातात. तेव्हा तू फक्त माप सांग. तारा एका धाग्याएवढा धरला, तर त्याच्याभोवतीचा ढग किती?
तिने मोबाईलवर बरंच काही दाबलं. म्हणाली, पदर धा लाख किलोमीटर लागंल आज्जा. चंद्रावर जाऊन परत यायचं, आनि पुन्ना अर्ध्या वाटंपतोर.
पाचवारी साडीत हे बसत नाही. मी ढग रद्द केला. पूर्ण काळी साडी आणि मधोमध एक पांढरा ठिपका. जेवढं खरं तेवढंच. चिंध्यांचा थाटमाट नाही.
जयाला सांगितलं. म्हणाली, संक्रांत होऊन गेली, आता काळी साडी कोन नेसतंय? तेवढ्यात तिची भजनाची वेळ झाली.

३० जानेवारी
१५१/९२. कारण: माग.
दोन पावरलूम विकले तेव्हा एक हातमाग मी मुद्दाम ठेवला होता. कधीही बसावं आणि विणावं. आज बघितलं तर त्यावर रूपालीची धुणी वाळत होती, खाली कांद्याची पोती. माग मोकळा करायला सांगितला. ती म्हणाली, मामा, कुठं ठिवू कांदं? व्यवस्थेचे प्रश्न मला विचारू नयेत.
उद्या काळं सूत आणायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
१५६/९६. कारण: उंदीर.
उभ्या धाग्यांचा काळा ताणा चढवला. मागाच्या दोऱ्या दोन ठिकाणी कुरतडलेल्या निघाल्या, त्या बांधण्यात दिवस गेला. नऊ इंच विणून झालं. गुडघा पूर्वीसारखा खाली जात नाही, पायाखालची पावडी दाबली की कट् वाजतो. कट् माझा की मागाचा, कळत नाही.
शहापूरची बातमी: बसवंतच्या पदराचा ग्राफ संपत आला. रूपाली म्हणाली, लई बारीक काम झालंय, चार रंगांत. एका डोळ्याने! माझा विश्वास नाही. कोणीतरी मदत करत असणार. गुपचूप माणूस ठेवला असणार. ते उघडकीला आलं तर त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

८ फेब्रुवारी
१५०/९०. कारण: काक्षी.
स्वरूपा सहज बोलून गेली की काक्षी नावाचा तारा केव्हाही फुटू शकतो. केव्हाही म्हणजे? म्हणाली, आज न्हायतर लाख वर्सांनी. रूपालीला सांगितलं, गच्चीवर पापड वाळत घालू नकोस. तिने घातले.
विणकाम: अकरा इंच. पैकी चार इंच उसवायचे आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
१४२/८६!!! कारण: सत्य.
आज मोठी गोष्ट हाती लागली. स्वरूपाला सहज विचारलं, त्या ढगात एवढे रंग आले कुठून. ती म्हणाली, ते रंग तसेच दिसत न्हाईत आज्जा. आकाशात तीन दुर्बिणी आहेत. हबल आपल्या डोळ्याला दिसणारा उजेड बघते. चंद्रा एक्स-रे बघते. वेब उष्णतेचा उजेड बघते. एक्स-रे आणि उष्णता डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ नंतर बसून ठरवतात, याला निळा देऊ, त्याला लाल देऊ.
म्हणजे रंग खोटे!
मी तिला पुन्हा विचारलं. म्हणाली, खोटं न्हाय, दिलेलं. तेच ते.
आणि बसवंत महिनाभर चार रंगांत तोच खोटेपणा उतरवतो आहे. पोरगी पुण्यात एवढ्या विद्वानांपुढे खोट्या रंगाचा पदर घेऊन उभी राहणार. घरचा वडीलधारा म्हणून माझं काही कर्तव्य आहे. पुढच्या रविवारी विणकर सोसायटीची वार्षिक सभा आहे, तिथं बसवंत ग्राफ भिंतीवर लावणार आणि त्याचा शाल देऊन सत्कार होणार आहे. शांतपणे उठेन आणि दोन शब्द बोलेन.
मनात राग नाही. बीपीच सांगतो.

१३ फेब्रुवारी
१४४/८८. कारण: काही नाही.
भाषण तयार. अर्धं पान. सुरुवात, ‘सभेला नमस्कार, शास्त्र शास्त्र असतं.’ जयाला म्हणून दाखवणार होतो, ती भजनाला. काळ्या साडीचं काम थोडं थांबवलं आहे. सत्याला आधी वेळ द्यावा लागतो.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
सभा झाली.
बीपी मशीनने आकड्याऐवजी ‘ई’ दाखवलं. सेल गेले असावेत.

१७ फेब्रुवारी
सेल नवे घातले. १७२/१०४.
लिहावं की नाही याचा विचार केला. वही कोणी वाचत नाही.
हॉल भरला होता. ग्राफ भिंतीवर होता, दाराएवढा. काम बारीक होतं, हे मी नाकारत नाही. बसवंत पुढे, गळ्यात हार, शाल घड्या घालून टेबलावर तयार. बायकांच्या रांगेत आमची ही. भजन नव्हतं वाटतं.
मी उठलो. सगळं बोललो. शास्त्र शास्त्र असतं. एक्स-रे. चंद्रा. वेब. रंग कोणी बघितलेले नाहीत, ते मागाहून भरलेले आहेत, तेव्हा हा पदर म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली फसवणूक आहे. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.
मग बसवंत म्हणाला, पावणं, तुमचं बराबर असंल. पन ग्राफ म्या काढल्याला न्हाय. माज्या डोळ्याला चौकोन कुटला दिसतोय? ज्यांनी काढलाय त्यास्नी इच्यारा. विहीणबाई, सांगा की.
मी विहीणबाई कोण म्हणून मागे बघितलं.
आमची ही उभी राहिली होती. पन्नास वर्षांत तिला सभेत बोलताना मी पाहिलं नव्हतं. पदर नीट केला आणि म्हणाली, आवो, ग्राफावर लाल चौकोन भरला म्हंजे सूत लाल येतंय व्हय? त्यो लाल नुसता धागा उचलायची खूण. मागावर त्या जागी हिरवं घाला, पिवळं घाला. दिसावं म्हनून रंग देत्यात. तुमच्या मोराचा ग्राफ काळ्या-तांबड्या पेन्सिलीनं भरला हुता मी. मोर काळा-तांबडा झालता व्हय?
हॉल हसला. मारुतीराव पन्नास वर्षं माझ्या शेजारच्या मागावर बसला, त्याला ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं. मागून कोणी तरी ओरडलं, नागोजीअण्णा, तुमी उलटी बाजू बगितली, सुलट बाजू खाली असत्या मागावर!
एक गोष्ट लिहून ठेवतो. मला हे माहीत होतं. कोणत्या विणकराला माहीत नसतं? ग्राफचे रंग आणि सुताचे रंग वेगळे, हे मागाजवळची मांजरसुद्धा सांगेल. फक्त ताऱ्यांच्या बाबतीत माझ्या लक्षात आलं नाही. पन्नास वर्षांत मी ग्राफ हातात घेऊन फार बघितला नाही, हे खरं. त्याची गरजच पडली नाही. ग्राफ तयारच असायचा.
घरी येताना पुढे ती, मागे मी. तिने फक्त एवढंच विचारलं, भाजी कसली करू?

१९ फेब्रुवारी
१६६/१००. कारण: माहीत आहे.
भिंगाची काच मिळाली. शहापूरला होती.
बोलणं बंद ठेवलं आहे. जयाच्या लक्षात आलेलं नाही.
अकरा इंचांचा काळा तुकडा मागावरून कापून काढला. जया तवा उचलायला घेते. म्हणते, जाड हाय, चटका बसत न्हाय. मागावर पुन्हा धुणी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
१५२/९२.
स्वरूपा कॉलेजमधून आली आणि माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, आज्जा, रुसलास व्हय? मी म्हटलं, रुसायला मी काय लहान आहे? म्हणाली, मग चल शहापूरला. पदर निम्मा झालाय, आनि मधल्या ताऱ्याची जागा आज्जीनं मोकळी सोडलिया. पुठ्ठ्यावर त्यो ठिपका घेतल्याला न्हाय. हातानं घालाय लागतोय, तीन धागं उचलून. बसवंतआज्जाला दिसत न्हाय, आज्जीचा हात कापतोय.
मी भिंतीकडे तोंड फिरवलं.
मग म्हणाली, त्यो ठिपका फिरतोय म्हनून सगळा ढग उजळतोय, म्हाईत हाय का तुला? तारा न्हाय तर ढग नुसता धूर. विझून गेला असता कवाच.
हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. चिंध्या त्यांच्या, उजेड माझा.
तरी लगेच हो म्हटलं नाही. चहा प्यालो आणि मग चप्पल घातली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
१४०/८६. कारण: काम.
बसवंतचा माग माझ्यापेक्षा चांगला आहे. कबूल करायला हरकत नाही, त्याच्याकडे जागा आहे, कांदे नाहीत. पदराची सुलट बाजू खाली असते, म्हणून मागाखाली आरसा ठेवून त्यात बघत काम करायचं. आरशात तो ढग पहिल्यांदा पूर्ण दिसला. केशरी धाग्यांचं जाळं, आत निळसर धूर. जयाने एकेका चौकोनात बसून काढलेलं. दुपारी दोन ते पाच, एक महिना.
बराच वेळ बघत होतो. बसवंतने विचारलं, पावणं, डुलकी लागली का काय?
मी तीन धागे बोटाने उचलले, पांढरं रेशीम घातलं, ठोकलं. पुन्हा तीन, पुन्हा रेशीम. चार वेळा. दहा मिनिटांचं काम, मी दोन तास लावले. हात माझाही कापतो, पण कापणारा हात बसवंतच्या बाजूला नव्हता, जयाच्या बाजूला होता. तिने बघितलं. धागे सुटू नयेत म्हणून पुढे वाकून माझं बोट धरून ठेवलं.
ठिपका अचूक बसला. ज्वारीच्या दाण्याच्या निम्मा. बसवंतने डोळ्याजवळ भिंग नेलं, हललं, पुन्हा नेलं. म्हणाला, दिसंना झालाय. मी म्हटलं, न्यूट्रॉन तारा दिसत नसतोच.

२६ फेब्रुवारी
१४२/८८.
साडी पूर्ण. उद्या पोरगी पुण्याला निघते, साईनाथ सोबत जातो आहे. घडी घालताना तिला तीनदा दाखवलं, ठिपका कुठं आहे. कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही सांगितलं: हा माझ्या वडगावच्या आज्जाचा. तिने मान हलवली. रूपालीने मधेच, आनि बाकीचा शहापूरच्या आज्जाचा. मी लक्ष दिलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११ ते दुपारी ४
११.०० १५८/९६. फोटो नाही.
१२.३० १६०/९६. साईनाथचा फोन लागत नाही. गाडीला काही झालं नसेल ना?
१.१५ रूपालीचा मोबाईल माझ्याजवळ ठेवला. तिने परत नेला.
२.४० फोटो आले. सतरा.
साडी पुण्यात उठून दिसते. लोक पोस्टर सोडून पदराकडे बघतायत, एका फोटोत कोणी मोठे शास्त्रज्ञ वाकून बघतायत, चष्मा कपाळावर. पोरगी हसते आहे. बघून डोळे भरून आले, उन्हामुळे.
मग ठिपका शोधला. पहिल्या फोटोत नाही. दुसऱ्यात नाही. भिंग लावलं. सतराव्या फोटोपर्यंत गेलो.
पदर खांद्यावर जिथं लावतात, बरोबर तिथं ठिपका. त्यावर सेफ्टी पिन. पिनेवर परिषदेचा बिल्ला, तिच्या नावाचा, हाताएवढा.
४.०० फोन केला. स्वरूपा म्हणाली, आज्जा, पिन तिथंच लागत्या रं, दुसरीकडं लावली की पदर घसरतोय. लई गर्दी हाय, ठिवू?
मी म्हटलं, ठेव. तारा लपलेलाच बरा, तो विज्ञानाला धरून आहे. फोन तोपर्यंत बंद झाला होता.

१ मार्च, शनिवार. सकाळी १०
१५०/९०. कारण लिहीत नाही.
परिषदेत पोस्टरला बक्षीस मिळालं. सकाळीच बसवंतचा फोन आला. तो माझ्याशी नाही, जयाशी बोलला. वीस मिनिटं. पुण्याच्या कोणा बाईंना तसाच पदर पाहिजे, दुसऱ्या फुटलेल्या ताऱ्याचा. जया म्हणत होती, ह्या खेपेला मोठा कागद आणा, चौकोन बारीक पडत्यात. बसवंत पुठ्ठे करून घेणार, मारुतीराव विणणार. नऊ वाजता सगळं ठरलं.
ठिपक्याचं विचारलं. जया म्हणाली, ह्या ताऱ्यात मधी कायबी सापडल्यालं न्हाय म्हणे आजून, शास्त्रज्ञ हुडकायलेत.
मग ती म्हणाली, तुमास्नी बी बोलावलंय बसवंतरावांनी, कांड्या भराय माणूस न्हाय.
कांड्या भरणं म्हणजे रिकाम्या नळीवर सूत गुंडाळत बसणं. आमच्या घरी हे काम माझी आई करायची, नंतर जया. मी पन्नास वर्षं मागावर बसलेला माणूस आहे. म्हटलं, विचार करून सांगतो.
सोमवारी आठला बोलावलं आहे. पावणेआठला निघालं तरी पुरतं.